अकरा स्लीपर

मंगळवारी साडेदहाला
अजनीच्या पुलावरून तिची स्कूटी येते.
मे महिना, डोळे सोडून सगळं दुपट्ट्यात.
दारात आधी दुपट्टा सोडते, मग चपला,
मग विचारते, "बाबाजी, आज गाडी टायमावर?"

सिस्टर निरंजना टेंभुर्णे.
सुई टोचत नाही, सलाइन लावत नाही.
धंतोलीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं,
फक्त या एका आजाराची नर्स.
मी म्हटलं, बाप्पा, एवढ्या थरथरीला वेगळी नर्स?

थरथर तर नंतरची.
आधी गेला वास,
फोडणी करपली तरी ह्यांना पत्ता नाही.
मग सही बारीक झाली.
देवमन सोनटक्के, रेल्वेत चावीवाला, बत्तीस वर्षं
रुळांवरून पायी,
पेन्शनच्या कागदावर मुंगीएवढे.
बँकेतली पोरगी म्हणाली, जुळत नाही.
मग तोंडावरचं हसू गेलं
आणि मी वर्षभर भांडले,
माझ्याशी बोलायचंच नाही का तुम्हाला.

"काकू, ते हसतात," सिस्टर म्हणाली,
"चेहऱ्यापर्यंत पोचत नाही, एवढंच."
त्या दिवशी मी त्यांना दोनदा भाजी वाढली.
काऊन, ते सांगितलं नाही.

गोळी सातला, अकराला, तीनला, पुन्हा सातला.
वरण तासाभरानं,
डाळ आधी गेली तर गोळीला वाट मिळत नाही.
ह्यांनी ऐकलं, बराच वेळ ओठ हलवले,
"म्हणजे आउटरवर उभी."
तो वर्षातला पहिला विनोद.

न्हाणीच्या दारात पाय फरशीला चिकटायचे.
मी ओढायची.
"ओढू नका," ती म्हणाली, आणि पिशवीतून
पिवळी चिकटपट्टी काढली,
फरशीवर आडव्या रेघा मारल्या.
ओलांडा.
हे पाहत राहिले. पाय उचलेना.
"अंतर चुकलं."
"मग तुम्ही सांगा ना जी."
खुर्चीवर बसून, हलत्या बोटानं
त्यांनी तिला गुडघ्यावर रांगायला लावलं,
दोन स्लीपरमधलं अंतर, तेवढं, बरोब्बर.
ते अंतर आता ह्या पायांचं नव्हतं.
तिला कळलं, मला कळलं.
ती म्हणाली, "बाबाजी, ही मेन लाइन नाही,
लूप लाइन आहे. इथं गाडी हळू."
हे विचारात पडले.
"हाव. मग जवळ घ्या."
पलंग ते न्हाणी, अकरा पट्ट्या.
मोजत गेले. मोजत आले.

जुलैत ताप आला, भरती केलं,
वॉर्डात अकराची गोळी दीडला मिळाली.
हे लाकूड. घोट गिळेना.
सिस्टर सुट्टीच्या दिवशी साध्या साडीत आली,
आवाज चढवला नाही.
उशाशी लाल पेनानं वेळा लिहिल्या
आणि तिथल्या नव्या पोरीच्या मोबाइलवर
चार अलार्म लागेपर्यंत हलली नाही.

एका मंगळवारी ह्यांची नाडी सोडून
तिनं माझा हात धरला.
कोपरावर निळं.
मी म्हटलं, दार लागलं.
ती गप्प. पंखा फिरत होता.
मग सांगितलं.
रात्री झोपेत हे ओरडतात,
"गाडी येऊन राहिली, बाजूला व्हा बे!"
आणि ढकलतात. जोरात.
मी त्यांची गँग असते तेव्हा.
"आजारातलंच आहे," ती म्हणाली,
"बायका सांगत नाहीत.
डॉक्टरांशी बोलते. तोवर स्टूल दूर, तुमची गादी वेगळी.
आणि काकू, तुम्ही झोपता का?"

असं मला कोणी विचारलं नव्हतं.
काय सांगायचं ते आठवेना,
मी तिला चहा विचारला.

काल रात्री लाइट गेली. कूलर बंद.
पाणी प्यायला उठले अंधारात
तर माझेच पाय पट्ट्या शोधत होते.
सात, आठ.
मागून, झोपेतून की जागेपणी कोण जाणे,
हे म्हणाले, "नववा सैल आहे,
जपून."
वाकून चाचपला.
खरंच एक कोपरा सुटला होता.